सुभेदार आबांची दुसरी ड्युटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या पेपरात आमच्या गावच्या सुभेदार आबांची निधनवार्ता आली, चार ओळी. माजी सैनिक, १९७१ च्या युद्धात सहभाग, पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं, रक्षाविसर्जन अमुक वाजता. त्यात चुकीचं काही नाही. पण आबांच्या आयुष्यातली शेवटची वीस-बावीस वर्षं त्यात कुठंच नव्हती, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांना आबा माहीत आहेत ते त्याच वर्षांमुळे, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. नाव मुद्दाम टाकत नाही. घरी विचारलं तर त्यांची थोरली सून म्हणाली नको काकू, नाव आलं की इथं कोण कोण यायचं तेपण लोकांना कळतं.

पलटणीचं आधी सांगते. आबा जंगी पलटणीचे, म्हणजे फर्स्ट मराठा. डिसेंबर १९७१ ला जमालपूरला, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात होते, वय वीसच्या आसपास. तिथली चिठ्ठीची गोष्ट फौजी लोकांना पाठ असते, आपल्या ब्रिगेडियरनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली आणि पाकिस्तानच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १५ ऑगस्टला शाळेत पोरं हीच गोष्ट मागायची, आबा सांगायचे पण, फक्त गोळीपाशी आले की थांबायचे आणि म्हणायचे चला जिलेबी खा. पुढे काय झालं ते मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं, की त्या रात्री समोरचे लोक वेढा फोडून निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आले आणि उजाडलं तेव्हा समोर प्रेतांचा खच होता. आबांनी ते ह्यांना एकदाच सांगितलं. मुलकी माणसाला कधीच नाही.

पेन्शनीवर आल्यावर आबा बँकेत गार्ड होते आणि प्यायचे. हे मी चहाडी म्हणून लिहीत नाही, ते स्वतःच प्रत्येकाला पहिल्या वाक्यात सांगायचे, "मी सुभेदार आणि मी बेवडा." मग कोणीतरी त्यांना पुण्याला येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, अवचट पतीपत्नींनी १९८६ ला सुरू केलेलं तेच. तिथं पस्तीस दिवस राहावं लागतं. आबा राहिले, सुटले, फॉलोअपला जात राहिले, आणि तिथं बघितलं की पूर्वी पेशंट असलेली माणसंच पुढं समुपदेशक होतात, तर आपणही शिकून घेतलं. गावात समुपदेशक शब्द कोणी वापरत नाही, सुभेदाराकडं बसायला जातो असं म्हणतात.

आमचे हे हवालदार म्हणून २०१० ला घरी आले. काश्मीरात आरआरला, म्हणजे राष्ट्रीय रायफल्सला, दोन वेळा होते. रात्री दाराला पाठ लावून बसायचे, पंख्याचा आवाज झाला तरी उठायचे. कॅंटीनचा दारूचा कोटा महिन्याचा असतो तो आठवड्यात संपायचा. आणि लोकांचं काय, फौजी आहे, पिणारच, असं म्हणून तेच लोक एक बाटली आम्हालापण काढून दे म्हणायचे.

आबा पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी दारूचा विषयच काढला नाही. काळी पेटी उघडायला लावली, त्यातनं ह्यांचे बूट काढले, पॉलिशची डबी आणि ब्रश पुढं ठेवला आणि म्हणाले, "हवालदार, उद्या इन्स्पेक्शन आहे." हे हसले. ब्रश घेतला तर हात एवढा थरथरत होता की डबी कलंडली. लेस ओवायला गेले, ते टोक भोकात काही जाईना, तीनदा चारदा केलं, मग नुसतेच बुटाकडं बघत बसले. आबांनी काही न बोलता बूट आपल्या मांडीवर घेतला आणि लेस घातली. जाताना दारात मला म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळी डॉक्टरकडं. घरात कोंडून सोडवायची नाही. अचानक तोडली तर फिट येते, माणूस जातो." आणि मग विचारलं, तू शेवटची नीट कधी झोपलीस? तोपर्यंत मला हे कोणी विचारलं नव्हतं, माहेरच्यांनीसुद्धा नाही. मुक्तांगणला बायकांची सहचरी म्हणून मिटिंग असते, तिथं मला नेऊन बसवलं तेपण त्यांनीच.

हे पस्तीस दिवस करून आले आणि बेंदराला परत प्यायले. मी तर आता संपलंच म्हणून रडत बसले होते. आबा आले, चहा घेतला, म्हणाले, "पोस्ट गेली, परत घेऊ." एवढंच. आता तेरा वर्षं झाली.

बाकी कामं तर किती. कुणाच्या बायकोचं नाव सर्व्हिस रेकॉर्डला एक, आधारला दुसरं, की फॅमिली पेन्शन अडकली. आता सगळं स्पर्शवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर आलंय, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा तर म्हाताऱ्या वीरपत्नींना ओटीपी काय कळणार. आबांना तरी कुठं कळायचं, नातवाला धरून आणायचे.

आमच्याकडं जुन्या गावांत चावडीवर, देवळात इंग्रजांच्या काळातली संगमरवरी पाटी असते बघा, या गावातून पहिल्या महायुद्धाला एवढी माणसं गेली, पैकी एवढी कामी आली. आबा त्या पाटीकडं बोट करून म्हणायचे, गेले किती ते लिहिलं, मेले किती ते लिहिलं, परत आले त्यांचं पुढं काय झालं ते कुठं आहे? निधनवार्ता वाचली तेव्हा मला हीच पाटी आठवली, राग मानू नका.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारनं ठेवलेल्या हेल्पलाइनचा नंबर आहे आणि १ डिसेंबर २०२३ पासून फौजेतल्या लोकांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, त्याचा वेगळा सेल सुरू झालाय. चांगलंच आहे, नंबर कृपया छापा. पण आमच्याकडचा गडी फोन लावून मला झोप लागत नाही असं सांगेल हे मला काही पटत नाही, त्याच्यासमोर त्याच्यासारखाच कोणीतरी येऊन बसावा लागतो. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहेच, तिथं दाखले आणि स्कॉलरशिपच्या टेबलाशेजारी असा एक दारूतून सुटलेला फौजी मानधनावर बसवला तर काय बिघडेल? आबांनी तसा अर्ज दिला होता. उत्तर आलं नाही.

दर रविवारी सकाळी दहाला आबा जुन्या शाळेची खोली उघडायचे. दहाव्याच्या दिवशी त्यांच्या मुलानं तिची चावी ह्यांच्या हातात दिली. ह्यांना चार लोकांपुढं बोलायची सवय नाही, आदल्या रात्री झोपले नाहीत, सकाळी उठून आधी बूट पॉलिश केले. रविवारी सहाजण आले, त्यात एक नवीन पोरगा होता, आईनं सोडून दिला आणि ती बाहेर पारावर बसून राहिली. मी जाऊन तिच्या शेजारी बसले.

आपली,
एक माजी सैनिक पत्नी, जि. सातारा