परदेशातील मिशन दौरे आणि घरचे शेजारी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटी जवळ आली की आमच्या बेळगाव-खानापूर भागातील चर्चमध्ये उपासनेनंतर वाचल्या जाणाऱ्या सूचनांत एखाद्या परदेशी मिशन दौऱ्याची, म्हणजे सेवाकार्यासाठी गटाने परदेशी जाण्याची, सूचना हमखास असते. तरुणांची नावे मागवली जातात, वर्गणीची पाकिटे फिरतात, आणि त्याच दिवशी बाहेर पायऱ्यांवर दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, देवाच्या नावावर काढलेली ही सहल आहे. दुसऱ्या तटाला वाटते की, दोन आठवडे परदेशात राहून आलेला तरुण विश्वासात पक्का होतो आणि तेवढा खर्च त्यासाठी सोसावा. एका दौऱ्यात मी स्वतः होतो. निवृत्त शिक्षक असल्यामुळे मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्या अनुभवावरून मला वाटते की हे दोन्ही तट मुख्य गोष्ट सोडून भांडत आहेत.

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी भूकंप झाला. तो शनिवार होता. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारी असल्याने तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनाही त्याच दिवशी होते, आणि दुपारी बाराच्या सुमारास धरणी हलली तेव्हा अनेक ठिकाणी लोक उपासनेतच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुटीत आम्ही अकरा जण गोरखा जिल्ह्यातील एका डोंगरी गावात घरांवर पत्रे बसवण्याच्या कामाला गेलो. अकरांपैकी सहा मराठी उपासनेचे होते आणि पाच कन्नड उपासनेचे. हा काही समन्वयाचा प्रयोग नव्हता. मराठीतून पुरेशी नावे आली नाहीत आणि कन्नडमधूनही आली नाहीत, म्हणून पाळकसाहेबांनी दोन्ही याद्या एकत्र केल्या, आणि त्यावर दोन्हीकडून कुरकुर झाली.

सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे एकाच इमारतीत सकाळी मराठी उपासना होते आणि ती सुटली की कन्नड उपासना. वर्षानुवर्षे आम्ही एकमेकांना फक्त दारात भेटलो. एक मंडळी बाहेर पडते, दुसरी आत शिरते, मान हलवली जाते आणि झाले. हार्मोनियमच्या कपाटाला दोन कुलपे होती, एक मराठीचे आणि एक कन्नडचे. पेटीचा भाता कुणी फाडला यावरून एकदा बैठक भरली होती आणि ती तीन तास चालली होती. सीमाप्रश्नाचे जे काही बाहेर चालते ते आम्ही वेशीवर ठेवून आत येतो, असे म्हणायची आमची पद्धत आहे, पण ते खरे नव्हते.

पुणे, गोरखपूर आणि सोनौली असा प्रवास करून आम्ही पलीकडे पोहोचलो, तेव्हा नेपाळमध्ये इंधनाचा दुष्काळ होता. सीमेवरून मालाच्या गाड्या जात नव्हत्या. नेपाळी लोक याला भारताने केलेली नाकाबंदी म्हणत होते आणि दिल्लीचे सरकार ते नाकारत होते. बसच्या टपावर माणसे दाटीने बसलेली होती आणि स्वयंपाकाचा गॅस संपल्याने शहरातही लाकडे जळत होती. अशा दिवसांत भारतीय म्हणून एखाद्याच्या अंगणात उभे राहणे सोपे नव्हते. ज्या घरी आमची उतरायची सोय होती, तिथल्या आजोबांनी आम्हाला प्रथम फार कोरड्या नजरेने पाहिले. आम्ही कुठून आलो हे विचारल्यावर मात्र ते एकदम हसले. "बेलगाम! बहुत दौडाया था हमको वहाँ." भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणीत असताना त्यांनी बेळगावच्या लष्करी कॅम्पात कमांडो प्रशिक्षण घेतले होते. आमच्यापैकी कित्येकांनी ते कुंपण फक्त बाहेरूनच पाहिलेले असेल, पण या गृहस्थांना आतल्या चिखलाची चवसुद्धा आठवत होती.

त्या रात्री चुलीवर शिजलेला ढिंडो ताटात आला. नाचणीच्या पिठाचा तो घट्ट गोळा पाहून खानापूरचा मुलगा म्हणाला, "ही तर आपली नाचणी," आणि गोकाकचा मुलगा त्याच दमात म्हणाला, "हे तर मुद्दे." कन्नडमध्ये अशा गोळ्याला मुद्दे म्हणतात, आणि नेपाळमध्ये नाचणीला कोदो. शेजारी गुन्द्रुकचे, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचे, आंबट सार होते. दौऱ्याला निघण्यापूर्वी या दोन मुलांनी एकमेकांशी शब्दही बोललेला मला माहीत नाही.

आमची चूकही इथे कबूल करतो. निघताना आम्ही घरोघरी फिरून जुने कपडे गोळा केले होते आणि सहा पोती इथून ओढत नेली होती. गावात कपड्यांचा ढीग आधीच पडलेला होता. गावाला हवे होते ते पत्रे ठोकायचे वॉशरचे खिळे, आणि ते आमच्याकडे नव्हते. निघण्याआधी एक फोन करून विचारले असते तर हे कळले असते. आम्ही विचारलेच नव्हते, कारण मदत काय करायची हे देणाऱ्याने ठरवायचे असते, असे आम्ही धरून चाललो होतो. खिळे तालुक्याच्या ठिकाणाहून चालत जाऊन आणावे लागले.

पत्र्यांचे काम सुरू झाल्यावर छपरावर तीन भाषा ऐकू येऊ लागल्या. आयटीआय झालेला कन्नड मुलगा "हिडी" म्हणे, आमचा बँकेतला कारकून "धर" म्हणे आणि खालून पत्रा वर देणारी नेपाळी मुले "समात" म्हणत. तिन्हींचा अर्थ एकच होता, आणि पत्रा निसटू नये यासाठी तो चटकन कळणे भाग होते. चौथ्या दिवशी आमचा कारकून "हिडी" म्हणू लागला होता.

शनिवारी ताडपत्रीखाली उपासना झाली. तिथल्या चर्चची भिंत पडलेली होती. नेपाळीची लिपी देवनागरी असल्यामुळे गीतांचे पुस्तक आम्हाला मोठ्याने वाचता येत होते, आणि मराठी मुलांना त्याचा थोडा गर्व झाला. पण शाळेत हिंदी शिकलेली कन्नड मुलेही तितकेच सफाईने वाचत होती, आणि अर्थ दोघांनाही सारखाच अर्धवट कळत होता. चाल मात्र ओळखीची निघाली. पहिले कडवे त्यांनी म्हटले, दुसरे आम्ही मराठीत, तिसरे कन्नडमध्ये. आमचे यजमान आजोबा ख्रिस्ती नव्हते. त्यांची सून होती. तरीही ते ताडपत्रीच्या बाहेर लाकडी ओंडक्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. आम्ही तिथे धर्मप्रचार केला नाही आणि करायचाही नव्हता. आमच्या जाण्याच्या महिनाभर आधी, २० सप्टेंबर २०१५ रोजी लागू झालेल्या नेपाळच्या संविधानाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरचा कायदा पाळायचा असतो.

आता खर्चाचा प्रश्न. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात १९९८ च्या मिच वादळानंतर उत्तर अमेरिकेतून अनेक चर्चचे गट घरे बांधायला गेले. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला, तेव्हा प्रवासासह एका घरामागे गटांचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर निघाला, आणि तसेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे २ हजार डॉलरमध्ये बांधत होत्या. आमचा हिशेब इतका भयंकर नव्हता, तरी आमच्या प्रवासखर्चात किती पत्रे आले असते हे खजिनदाराने परतीच्या गाडीत कागदावर मांडले आणि आम्ही सगळे बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. म्हणून, केवळ काम करून येण्यासाठी असा दौरा काढायचा असेल तर तो काढू नये आणि पैसे पाठवून द्यावेत, या मताचा मी आहे. पण मैत्री मनिऑर्डरने पाठवता येत नाही.

मैत्रीला पुन्हा जावे लागते. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले आणि १९२८ पर्यंत ते इथेच राहिले. आमच्या चिकोडी-अथणीकडची माणसे अजूनही "मिरजेला दाखवून या" म्हणतात, ते त्या राहण्यामुळे. एका भेटीत काहीच घडत नाही असेही मी म्हणणार नाही. पुढे ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका परक्या सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला, आणि तो प्रवासी कोण होता हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. पण असा प्रवासी होण्याची योजना दौऱ्याच्या समितीला आखता येत नाही. समितीला दुसऱ्या भेटीचे तिकीट मात्र काढता येते.

ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभेला पूर आला आणि गोकाक परिसरातील घरांत पाणी शिरले. दुसऱ्याच दिवशी आजोबांच्या मुलाचा फोन आला. येत्या शनिवारी गावात तुमच्यासाठी प्रार्थना ठेवली आहे, एवढेच त्याने सांगितले. नेपाळला गेलेली मुले मात्र त्या आठवड्यात एकत्र आली आणि निघण्याआधी पूरग्रस्तांना फोन करून काय हवे ते विचारले. कपडे नकोत असे उत्तर आले. चटया, खराटे आणि फिनेल हवे होते. ते घेऊन मराठी आणि कन्नड मुले एकाच टेम्पोतून गेली. हार्मोनियमच्या कपाटाला कुलपे अजून दोनच आहेत, पण आता दोन्ही किल्ल्या दोन्हीकडे असतात.

तेव्हा दौरे आखणाऱ्या समित्यांना माझी विनंती आहे की, नव्या नव्या देशांची नावे शोधण्यापेक्षा एकच गाव धरावे, तिथल्या लोकांना आपल्याकडे बोलावण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, आणि सीमाभागातील गट निघत असेल तर त्यात दोन्ही भाषांची मुले असल्याशिवाय तिकिटे काढू नयेत. फोटोंचे प्रदर्शन हवे असेल तर भरवावे, त्याला माझी हरकत नाही.

येत्या मे महिन्यात आमच्याकडून सहा जण पुन्हा त्याच गावी जात आहेत. काय आणावे असे या वेळी आधीच विचारले होते. खिळे आता नकोत, पत्रे पक्के बसले आहेत, असे उत्तर आले आहे. आजोबांनी बेळगावचा दोन किलो कुंदा मागवला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर