फोनवर राहिलेलं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास, मीही परत केला नाही. बाबा म्हणाले, त्यापेक्षा लिही, मध्ये तोडायला ती नसेल.

आईचं दूध असताना जन्मल्या बाळाला ‘के’ जीवनसत्त्वाची सुई कशाला, असं तुझ्या ग्रुपवरच्या बाया म्हणतात. अगं, सहा महिने दुधाशिवाय काही देऊ नका, हे मी अख्ख्या तालुक्याला सांगत फिरले. पण ‘के’ जीवनसत्त्व दुधात नावालाच असतं. वारेतूनही फारसं जात नाही, आणि ते बनवणारे जंतू बाळाच्या आतड्यात अजून वसलेले नसतात. त्याच्याविना रक्त गोठत नाही. मग नाळेतून रक्त, काळी शी. कधी महिना-दीड महिन्याच्या, अंगावर पिणाऱ्या ठणठणीत बाळाच्या थेट मेंदूत. असं एक बाळ मी पाहिलंय. त्याबद्दल तुला आत्ता लिहीत नाही.

एक मिलिग्रॅम, मांडीत, एकदाच. वजन किलोच्या आत असेल तर अर्धा. 2014 पासून आपल्या सरकारच्याच सूचना आहेत. आणि या सुईने कॅन्सर होतो म्हणे, तो मेसेज! 1992 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात तशी शंका आली होती. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही. एवढं मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

लागले ना शिकवायला? बाई घरातही ड्युटीवरच, असं बाबा म्हणतात ते खोटं नाही. रागावू नकोस.

बारावीच्या प्रिलिमआधी तुला फिट आली, तेव्हा शारदाकाकू तोंडात चमचा घालायला धावल्या आणि मी त्यांच्यावर ओरडले. अजून अबोला आहे. तू मात्र दुसऱ्या दिवशी हट्टाने पेपरला गेलीस. आता पोरं तुला मॅडम म्हणतात. दादाला ते जमलं नसतं, त्याला सांगू नकोस.

पण मनू, त्याच फिटच्या गोळ्यांमुळे, इप्टॉइनमुळे, माझा जीव थाऱ्यावर नाही. या गोळ्या घेणाऱ्या आईच्या बाळाला पहिल्याच दिवशी रक्तस्राव होऊ शकतो. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, ते आणखी वाईट. फक्त तू त्या घेतेस याची तिथल्या डॉक्टरांना आठवण कर. बाळांच्या डॉक्टरांनाही, वेगळी.

डिंक आणलाय, लाडू येताना आणते. तिकीट तेवीसचं आहे. त्याआधी कळा आल्या तर जावईबापूंना एवढंच विचारायला सांग: ‘के’ दिलं का, किती वाजता, आणि कार्डावर लिहिलं का. तू नाही म्हणालीस तरी मी त्यांना फोन करणारच आहे.

तुझी,
आई