रविवारी निघण्याआधी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तू अर्ध्या जेवणातून उठलीस. "ढ मुलांचा वर्ग आहे तो, मी नाही जाणार," म्हणालीस आणि बाबांनी आवाज चढवला. आवाज चढवायला नको होता. पण ईओएफमधून, म्हणजे न्यू जर्सी राज्याच्या शैक्षणिक संधी निधीतून, मिळालेल्या प्रवेशाची हा कॉलेजचा उन्हाळी वर्ग ही अटच आहे. हे पाच आठवडे कॅम्पसवर राहून पुरे केले नाहीस, तर सप्टेंबरची जागाही जाते आणि अनुदानही. आणि ढ कशावरून? १९६७ साली न्यूअर्क शहर दंगलीत पेटलं, त्यानंतर १९६८ मध्ये न्यू जर्सीने हा निधी कायदा करून उभा केला. अंगात कुवत आहे पण घरी पैसा नाही, अशा मुलांसाठी. आपलं उत्पन्न त्या मर्यादेत बसतं, यात तू मान खाली घालायचं कारण नाही.

गणिताची प्लेसमेंट टेस्ट मनापासून दे, कुठल्या वर्गात बसायचं ते तिच्यावरूनच ठरतं. प्रीकॅल्क्युलसमध्ये अडकलीस तर कॅल्क्युलस पुढे जातं, त्यावर बेतलेलं फिजिक्स त्याच्याही पुढे, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची पाच होतात. उन्हाळ्यात १५ आठवड्यांचा विषय ५ आठवड्यांत उरकतात. म्हणजे तिथला एक दिवस एरवीच्या तीन दिवसांएवढा. सोमवारी न कळलेलं गुरुवारवर ढकललंस, तर मधलं सगळं डोक्यावरून गेलेलं असेल. क्रेडिटच्या विषयाची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर राहते. त्याच संध्याकाळी वही घेऊन ट्यूटरकडे जा. "ही ओळ कळली नाही," एवढं म्हटलं तरी पुरतं.

पण तू म्हणणार नाहीस. "ठीक आहे" म्हणशील. सातवीत मनगट सुजलं होतं, तेव्हा दोन दिवस बाही ओढून फिरलीस. आजीने आंघोळीला पाणी काढताना पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर हाड तसंच वाकडं जुळलं असतं.

पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर.

चादरी मी ट्विन एक्सएलच्या घेतल्या आहेत. हॉस्टेलची गादी ८० इंच लांब असते, घरच्या ७५ इंची पलंगाची चादर रात्रीत कोपऱ्यातून निघून येते. सर्ज प्रोटेक्टरवाली पट्टी दिली आहे, साधी एक्स्टेन्शन वायर खोलीत ठेवू देत नाहीत. राइस कुकर चालत नाही. उदबत्ती आणि निरांजनही नाही, आगीचा अलार्म वाजला तर मजलाभर मुलांना खाली उतरावं लागतं. गणपतीच्या फोटोला नुसता नमस्कार कर. मेतकूट छोट्या बरणीत आहे, मायक्रोवेव्हच्या भातावर घे. मेनिंजायटिसच्या लशीचा कागद पोर्टलवर चढवला आहे, मूळ प्रत निळ्या फोल्डरमध्ये. त्याच्यावाचून खोली अडते.

आजवर शाळेतून फोन यायचा. आता यायचा नाही. कॉलेजात नाव लागलं की फर्पा कायद्याने तुझ्या नोंदींवरचा हक्क तुझा एकटीचा, तू सही दिल्याशिवाय कॉलेज सहसा आम्हाला ग्रेड दाखवत नाही. सहीचा कोरा फॉर्म फोल्डरमध्ये ठेवला आहे. नाही केलीस तरी चालेल. खरं सांगू? चालणार नाही, पण मी विचारणार नाही. आम्हाला नाही तर निदान तुझ्या ईओएफ काउन्सेलरला सांग, तिचं कामच ते आहे. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे जा, काही अडलं नसलं तरी. ओळख झालेली असली की अडल्यावर दार ठोठावणं जड जात नाही.

प्रवेशाचं पत्र बाबांनी लॅमिनेट करून आणलंय. तुला दाखवलं नाही. दुकानातल्या सगळ्यांना दाखवून झालं.

तुझी,
आई

ता. क. इन्हेलर दोन दिले आहेत, एक उशीपाशी ठेव, एक दप्तरात. मागचा आकडा २० वर आला की दुसरा मागव, शून्याची वाट पाहू नकोस. आणि मागवलास की मला कळव.