फीत कापून झाल्यावर मेम्ब्रेन कोणी बदलायची?

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या अंकात एका कंपनीने सीएसआरमधून (म्हणजे कंपन्यांना नफ्यातून समाजासाठी जो खर्च करावा लागतो त्यातून) एका गावाला शुद्ध पाण्याचं मशीन दिल्याची बातमी वाचली, फोटोत सरपंच, कंपनीचे साहेब, नारळ, फीत सगळं आलंय. चांगलं काम आहे, नावं ठेवायला लिहीत नाहीये. पण आमच्या गावातही असंच मशीन बसलं होतं, त्याचीही अशीच बातमी आली होती, आणि ते बंद पडून आता वर्ष उलटून गेलं तरी त्याची बातमी कुठेच नाही म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड, हंड्याला पांढरा थर बसतो, डाळ तासभर शिजत नाही. जवळच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीने आरओ प्लांट दिला, पाच रुपयाचं नाणं टाकलं की वीस लिटर पाणी. सुरुवातीला खरंच झकास चाललं, सकाळी रांग लागायची. मग मेम्ब्रेन, म्हणजे मशीनमधला पाणी गाळणारा पडदा, गेली. कंपनीला फोन केला तर म्हणाले प्लांट ग्रामपंचायतीला हस्तांतरित झालाय, आता आमचा संबंध नाही. कागद काढून बघितला तर त्यांचं बरोबरच, खाली पंचायतीचा सही-शिक्का. पंचायत म्हणते पाणीपट्टी वसूल होत नाही, प्लांटचं लाइट बिलच थकलंय तर मेम्ब्रेन कुठून आणू, आणि ज्या संस्थेने बसवून दिला ते लोक आता दुसऱ्या जिल्ह्यात दुसरं काम करतायत. सध्या गाव जार विकत घेतंय आणि प्लांटच्या खोलीत कोणाच्या तरी युरियाच्या गोण्या आहेत. बाहेरचा कंपनीच्या नावाचा बोर्ड मात्र चकाचक, त्याला रंग द्यायला मध्ये माणूस येऊन गेला!

आता यात कंपनीने काही बेकायदा केलंय का, तर अजिबात नाही, आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे. कंपनी कायदा 2013 चं कलम 135, लागू झालं 1 एप्रिल 2014 पासून. नेटवर्थ (म्हणजे देणी वजा करून उरणारी मालमत्ता) 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे. 2021 साली नियम आणखी कडक झाले, त्यात असं आलं की सीएसआरमधून जी मालमत्ता उभी राहील ती कंपनीच्या नावावर ठेवायची नाही, ती सरकारी संस्थेच्या, नोंदणीकृत ट्रस्टच्या किंवा लाभार्थींच्या बचत गटासारख्या गटाच्या नावावर हवी. हेतू चांगलाच आहे, नाहीतर कंपन्यांनी स्वतःच्याच इमारती बांधून घेतल्या असत्या. पण हस्तांतर झाल्यावर ती वस्तू चालवायची कोणाच्या पैशाने, हे प्रकल्प आखतानाच ठरवा असं कोणी म्हणत नाही.

तपासणीचं म्हणाल तर ज्या कंपनीची सीएसआरची रक्कम सरासरी 10 कोटी किंवा जास्त आहे तिला इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे कामाचा खरंच किती फायदा झाला याची तपासणी, करावी लागते, ती पण 1 कोटी किंवा त्यावरच्याच प्रकल्पांची. म्हणजे काही लाखांचा आरओ प्लांट, अंगणवाडीची रंगरंगोटी, शाळेचा डिजिटल बोर्ड, जे खेड्यात प्रत्यक्ष येतं ते सगळं या चाळणीतून खाली. पैसे ठरल्या कामालाच गेले असं सर्टिफिकेट कंपनीचा सीएफओ, म्हणजे पैशाचा हिशेब बघणारा मोठा अधिकारी, देतो, ते बरोबरच असणार, आमच्याकडे पण पैसे पाण्यावरच खर्च झाले की. पण नळाला पाणी येतंय का हे बघायचं काम सीएफओचं नाही.

त्यात मार्चची घाई. वर्षात न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात नाहीतर सरकारी फंडात टाकावी लागते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च आला की गाड्या सुटतात. आमच्या शाळेत दप्तरं वाटली ती मार्चच्या शेवटी, पोरांच्या परीक्षा तोंडावर, आणि जूनपर्यंत निम्म्या दप्तरांच्या चेन गेलेल्या. 5 जूनच्या, पर्यावरण दिनाच्या, वृक्षारोपणाबद्दल तर बोलायलाच नको, टोप्या-टीशर्ट घालून बसभर मंडळी येतात, पाऊस यायच्या आधी रोपं लावतात, फोटो काढतात आणि जातात.

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातल्या वरच्या 1000 कंपन्यांना शाश्वततेचा, म्हणजे पर्यावरण आणि समाजासाठी काय केलं याचा, रिपोर्ट सक्तीचा केलाय, बीआरएसआर म्हणतात त्याला. आमच्या या कंपनीचा रिपोर्ट भाच्याने मोबाइलवर उघडून दिला. पाणी किती वापरलं, वीज किती, कचरा किती, सगळे आकडे व्यवस्थित. सीएसआरचे लाभार्थी किती हा रकानाही त्यात असतो, पण तो भरणं ऐच्छिक. आमच्या कंपनीने भरलाय, आणि त्यात आमचं अख्खं गाव मोजलंय. प्लांट बंद पडल्यानंतरच्या वर्षीसुद्धा.

सगळेच असे नाहीत हेही सांगतो. शेजारच्या गावात दुसऱ्या एका कंपनीने तसाच प्लांट दिला पण तो बायकांच्या बचत गटाकडे चालवायला दिला, जमा होणारी नाणी गटाच्या बँक खात्यात, आणि एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पाच वर्षांचे पैसे आधीच भरून ठेवले. तो प्लांट आजही चालू आहे. तिथल्या बायका काही वेगळ्या नाहीत आणि पाणीही आमच्यासारखंच जड आहे, फक्त मेम्ब्रेनचे पैसे कोण देणार हे नारळ फोडायच्या आधी ठरलं होतं.

तर सरकारने 1 कोटीच्या खालच्या कामांसाठी निदान एवढं करावं की दरवर्षी ग्रामसभेने वस्तू चालू आहे की बंद असा ठराव करून पाठवायचा आणि कंपनीने तो आपल्या वेबसाइटवर टाकायचा. यात खर्च काही नाही, ग्रामसभा तशीही होतेच (निदान कागदावर तरी). आणि तुमच्याकडे एक विनंती. असे कार्यक्रम तुम्ही छापताच, छापायलाही हवेत, फक्त तुमच्या वार्ताहराला तिथे स्टेजवरच्या साहेबांना विचारायला सांगा की याची देखभाल कोण करणार, किती वर्षं आणि पैसे कुठे ठेवलेत, आणि जे उत्तर मिळेल ते फोटोच्या खाली त्याच दिवशी छापा.

आपला नेहमीचा वाचक,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य