तुझा तो ताप मला इथं भेटला

बर्बेरा
सोमालीलँड
रविवार रात्र

प्रिय संपत,

हे फोनवर सांगायला गेलो असतो तर तू 'बरं, जेवलास का' म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून बसून लिहितोय. माझी तब्येत ठीक, शुगर काबूत, उन्हाची सवय झाली. आता मुद्द्यावर येतो.

तुझा तो इंटर्नशिपचा ताप, जनावरांकडून अंगात शिरलेला ब्रुसेला, गेले काही दिवस सारखा आठवतोय. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं गादी भिजायची. आधी टायफॉइड म्हणाले, मग मलेरिया, आणि तू 'मला काही झालेलं नाही' म्हणत शिंग्याच्या बुलेटवरून पुन्हा वाड्यावर जायचास. हातमोजे न घालता व्यालेल्या जनावराची वार काढायची तुझी खोड. भांडलो होतो आपण त्यावरून. आता तो ताप मला इथं भेटला, बाराएक वर्षांच्या पोराच्या अंगात, बुराओ शहराच्या पलीकडे माळावर.

नीट सांगतो. आमचं काम तुला माहीत आहे. जहाजात चढण्याआधी शेळ्यामेंढ्या क्वारंटाइनमध्ये येतात, आम्ही रक्त घेतो. ब्रुसेलाची रोझ बेंगॉल चाचणी आपण कॉलेजात केली होती तीच, तशीच: पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा थेंब, शेजारी गुलाबी थेंब, काडीनं कालवायचं आणि चार मिनिटं फरशी डोलवत राहायची. दाणे धरले की ते जनावर बाद. त्याच्या शिंगाला रंगाचा पट्टा, आणि मागच्या फाटकातून बाहेर. सौदीला जाणारा माल बहुतेक सगळा नर असतो, त्यामुळे बाद झालेला बोकड गावच्या बाजारात मटणाला जातो. कागदावर आमचं काम तिथं संपतं.

पण तूच सांग, ब्रुसेला काय त्या एका बोकडापुरता असतो? बोकड बाद निघाला म्हणजे ज्या कळपातून तो आला तिथल्या शेळ्या गाभडत असणार, त्यांचं कच्चं दूध पोरं पीत असणार. ही बातमी त्या कळपाच्या मालकापर्यंत पोचायला हवी. ती पोचत नाही, कारण बोकड कुणाचा हे कुणालाच ठाऊक नसतं. माळावरून गावातल्या छोट्या व्यापाऱ्याकडे, तिथून बुराओच्या बाजारात दलालाकडे, मग मोठ्या व्यापाऱ्याकडे, मग निर्यातदाराकडे. चार-पाच हात बदलून तो माझ्यापुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या पाठीवर फक्त निर्यातदाराच्या खेपेचा रंग असतो.

बुराओचा बाजार तू बघायलाच हवास. आफ्रिकेच्या या कोपऱ्यातल्या सगळ्यांत मोठ्या गुरांच्या बाजारांपैकी एक, इथिओपियातूनसुद्धा माल येतो. आणि सौदा कसा होतो माहीत आहे? फडक्याखाली हात घालून, बोटं दाबून! अगदी खरसुंडीला आबा उपरण्याखाली करायचे तसा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथंच हसायला लागलो, आणि फारह नावाचा दलाल (आता चांगला दोस्त झालाय) विचारत राहिला की काय झालं. त्याला आबांची ती खिलारी जोडी आणि तुझी दोन बोटं एक बोट समजण्यातली चूक सांगितली. तो अजून ती गोष्ट इतरांना सांगतो. तुझं नाव बुराओत पोचलंय, लेका.

फारहमुळेच हे सगळं झालं. एका खेपेत सात-आठ बोकड बाद निघाले, आणि सगळ्यांच्या डाव्या कानाला एकसारख्या दोन चिरा होत्या. मी फोटो काढून त्याला पाठवला. तासाभरात त्याचा फोन: ही खूण हलिमा नावाच्या बाईच्या घरची. इथं दलाल म्हणजे नुसता कमिशनवाला नाही, हे ध्यानात घे. विकणारा माणूस कोण, माल चोरीचा नाही ना, याला तो स्वतःच्या कुळाच्या नावानं जामीन राहतो. माल उधारीवर पुढं जातो, पैसे जेद्दाहला विक्री झाल्यावर उलट्या वाटेनं येतात. या व्यवहाराला कोर्ट नाही, विमा नाही, मधे सरकार जवळपास नाहीच. १९९१ मध्ये सोमालियातली राजवट कोसळली, त्याच वर्षी हा उत्तरेकडचा सोमालीलँड वेगळा झाल्याचं जाहीर झालं, सोमालियाच्या राजधानीनं, मोगादिशूनं, ते कधी मानलं नाही. तेव्हापासून इथला व्यापार फारहसारख्यांच्या शब्दावर उभा आहे. मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

तर आम्ही गेलो. परदेशी माणसाला शहराबाहेर बंदूकवाला पोलीस सोबत घ्यावा लागतो, म्हणजे फारह, मी, ड्रायव्हर आणि तो. डांबरी सोडली की रस्ता असा नाहीच, चाकोऱ्याच. काट्याकुट्यांच्या कुंपणातला कळप, काळ्या तोंडाच्या, चरबीच्या शेपटीच्या मेंढ्या (तुझी माडग्याळ उंचीला भारी, हे मी आजही मान्य करतो, पण अंगानं या भरदार), थोड्या शेळ्या, दोन उंट. हलिमा साठीची असेल. २०२० च्या शेवटापासून लागोपाठ पाच पावसाळे हुकले, त्यात तिचा निम्म्याहून जास्त कळप गेला. उरलेल्या शेळ्यांपैकी या हंगामात बऱ्याच गाभडल्या. आणि झोपडीत नातू पडलेला. संध्याकाळी ताप, पहाटे घाम, गुडघे धरलेले. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला होस्टेलची अकरा नंबरची खोली दिसली. बाकी कुणाला हे सांगून कळणार नाही, म्हणून तुला लिहितोय.

पुढचं ऐक. फारहनं बुराओच्या डॉक्टरला फोन लावला, टॉवर होता! हलिमाची बहीण लंडनला असते, तिला कळवलं, आणि आम्ही चहा पीत असतानाच हलिमाच्या साध्या बटणाच्या फोनवर डॉलर आले. सही नाही, बँक नाही. ही मोबाइलच्या पैशाची सेवा सोमालीलँडमध्ये २००९ पासून आहे, पाठवायला पैसे पडत नाहीत. आता टपरीवाला, भिकारी, उंटवाला, सगळे फोनवरच घेतात. पोराला आमच्याच गाडीतून बुराओला आणलं. सहा आठवड्यांच्या गोळ्या, त्याच, ज्या तू लपवून फेकायचास. पोराला आता उतार आहे.

म्हणजे लंडनचा पैसा एका चहात पोचतो. औषध दुकानात मिळतं. पण शेळ्यांना ब्रुसेलाची रेव्ह-१ लस टोचायची म्हटली तर कुणाला विचारू? पॉझिटिव्ह शेळ्या कापायला सांगितल्या तर भरपाई कोण देणार? आणि भरपाईशिवाय हलिमानं त्या का कापाव्यात? उरलंय काय तिच्याकडे?

हेच डोक्यात घोळतंय, संपत, झोप लागत नाही. या देशात जे जे दर व्यवहाराला पैसे मिळवून देतं ते ते खासगी लोकांनी झकास उभं केलं. फोन, हवाला, डिझेलवरची वीज (युनिटचा भाव ऐकशील तर महावितरणला आशीर्वाद देशील). बर्बेराच्या बंदरावर दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीनं २०१६ मध्ये तीस वर्षांचा करार केला, ४४ कोटी डॉलरच्या वर गुंतवणूक. २०२१ मध्ये ४०० मीटरचा नवा धक्का सुरू झाला, उंच क्रेन, खाली १७ मीटर पाणी. तिथून हर्गेसावरून इथिओपियाच्या सीमेपर्यंत नवा गुळगुळीत रस्ता. चांगलंच आहे ते, मी नाकारत नाही. पण क्रेन कंटेनर उचलते आणि या देशाची कमाई चार पायांवर चालत येते. ती कमाई जिथून निघते तिथं लस नाही, नोंद नाही, पावसाळ्यानंतर टिकेल असं पाणी नाही. पाणी म्हणजे सिमेंटच्या टाक्या, बेरकड म्हणतात, १९५० च्या दशकापासून 'हौद' नावाच्या कुरणपट्ट्यात खासगी लोक बांधत आले. जिथं टाकी तिथं वस्ती बसली, आणि भोवतीचं गवत उठलं.

आणि याची किंमत एका हलिमापुरती नाही. १९९७-९८ चा तो एल निनोचा पाऊस, रिफ्ट व्हॅली फीव्हर (डासांमुळे होणारा जनावरांचा रोग) पसरला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये सौदीनं इथली जनावरं बंद केली. मधे उघडली, २००० मध्ये तो रोग थेट सौदी आणि येमेनमध्येच निघाला आणि पुन्हा बंद, ती थेट २००९ पर्यंत! नऊ वर्षं, लेका. फारह तेव्हा ऐन उमेदीत होता, तो त्या दिवसांबद्दल बोलत नाही. मग २०१४ मध्ये सगळ्या सोमालियातून पन्नास लाखांहून जास्त जनावरं बाहेर गेली, विक्रम. आणि २०२० मध्ये कोरोनामुळे हज मोजक्याच लोकांपुरतं झालं, कुर्बानीची मागणी बसली, की परत बोंब. एक गिऱ्हाईक, एक हंगाम. त्या गिऱ्हाइकाचा विश्वास कशावर? रोगाच्या नोंदीवर. ती नोंद कळपापर्यंत जात नसेल तर पुढची बंदी कधीही येऊ शकते. इकडे मोगादिशूच्या बातम्या येतात की डिसेंबर २०२३ मध्ये सोमालियाचं साडेचार अब्ज डॉलरचं कर्ज माफ झालं. मोठी गोष्ट आहे, आता नवा पैसा येईल. माझं म्हणणं एवढंच की त्यातला थोडा कानाच्या बिल्ल्यावर खर्च व्हावा.

हो, बिल्ला! आता तुझ्याशी जुनं भांडण. २०१९ ला आपल्याकडे तो कार्यक्रम सुरू झाला, कालवडी-पारड्यांना चार ते आठ महिन्यांत ब्रुसेलाची लस, जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला, आणि तू दहिवडीच्या टपरीवर एक तास बडबडलास की डॉक्टरला कंपाउंडर करून टाकलं, बिल्ले मारून काय दिवे लागणार. गाई लाथा मारतात, बिल्ले गळतात, ॲप चालत नाही, सगळं खरं. पण इथं मी दोन चिरा असलेल्या कानाचा फोटो फिरवत एक कळप शोधला, तोही फारह होता म्हणून. बाकीच्या खेपांतल्या बाद बोकडांची घरं कुठं आहेत, तिथली पोरं कशी आहेत, मला कधीच कळणार नाही. तू टपरीवरचं भाषण मागे घे.

मी काय ठरवलंय ते सांगतो. शेख गावात जनावरांच्या डॉक्टरांची चांगली शाळा आहे, तिथली शिकलेली पोरं हुशार आहेत. फारह आणखी काही दलालांना तयार करतोय, प्रत्येकानं आपापल्या मालाच्या कानाच्या खुणा आणि घरं एका वहीत लिहायची. बाद निघाला की त्या घरी निरोप जायचा. दलाल घाबरतात की 'रोगाचा कळप' नाव पडलं तर भाव पडेल, आणि त्यांची भीती खोटी नाही. त्यामुळे निरोप गुपचूप, बाजारात चर्चा नाही. माझ्या वरच्यांना हे फालतू वाटतं, आमचं काम फाटकापाशी संपतं म्हणे. मी करणार आहे.

तुझं काय? विट्याच्या घराचा स्लॅब पडला का? ऋतुजाला बारावीला किती पडले ते वहिनींनी कळवलं, तिला शाबासकी सांग आणि जनावरांच्या डॉक्टरकीला जाऊ नको असं म्हणू नकोस, तिला ठरवू दे. आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर व्यायाम बुडवू देऊ नको.

दोन कामं आहेत, लगेच कर. एक, तुझ्या दवाखान्यातलं ते गाभडलेल्या जनावरांचं रजिस्टर, त्याच्या दोन-तीन पानांचे फोटो पाठव, रकाने कसे पाडलेत ते स्पष्ट दिसू दे. दुसरं जास्त महत्त्वाचं. हलिमाला मी दूध तापवून प्यायला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे अगदी आक्कांच्याच नजरेनं बघितलं. तापवलेलं दूध म्हणजे आजाऱ्याचं, असं तिचंही म्हणणं. आक्का तुझ्या तापानंतरसुद्धा दोन वर्षं ऐकत नव्हत्या आणि मग एकदम तापवायला लागल्या. कशानं? कोण काय बोललं त्यांना? त्यांनाच विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव, मी फारहकडून सोमालीत करून घेतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तिकडे जातोय, त्याआधी मिळायला हवं.

तुझा,
मिलिंद