जुन्या स्पोर्ट्स कारचे चाक पुन्हा पुन्हा सैल का होते?

महोदय,

तारांची चाके आणि त्यांच्या मध्यभागी एकच मोठा नट, अशी रचना असलेल्या जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते. चाक कितीही आवळले तरी दोन-चार फेऱ्यांत पुन्हा सैल होते. एमजीबी, जॅग्वार ई-टाइप, ऑस्टिन-हीली 3000 अशा 1960च्या दशकातील गाड्यांत ही रचना सर्रास आढळते. नट आवळण्यासाठी त्यावर हातोड्याचे आणखी चार घाव घालून गाडी परत रस्त्यावर आणणे हा यावरचा नेहमीचा इलाज मला अत्यंत धोक्याचा वाटतो, म्हणून हे पत्र.

माझ्या एमजीबीच्या पुढच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरून ती गॅरेजमधून परत आली आणि त्यानंतर पुढची दोन्ही चाके सैल होऊ लागली. मी नट आणि चाकाचा तुंबा (तारा जिथे येऊन मिळतात तो मधला भाग) यांवर मिळून खडूने एक सरळ रेघ ओढली. पंधरा किलोमीटर गाडी सावकाश चालवून पाहिले, तर नटावरची रेघ तुंब्यावरच्या रेघेपासून बोटभर सरकली होती. मग नटावर कोरलेली अक्षरे पुसून नीट वाचली, तेव्हा डाव्या बाजूसाठीचा नट उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे असल्याचे ध्यानात आले. या गाड्यांत एका बाजूला सरळ आटे (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळले जाणारे) असतात व दुसऱ्या बाजूला उलटे, त्यामुळे एका बाजूचा नट दुसऱ्या बाजूच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढवतात त्या गाडीकडच्या आटेदार भागावर, चढतच नाही. म्हणजेच बेअरिंगचे काम करताना हबच आपापसांत बदलले गेले होते. ते मूळ जागी बसवल्यावर खडूची रेघ आजवर हललेली नाही.

आटे कोणत्या बाजूला कसे असावेत, याबद्दल अनुभवी मेकॅनिकचाही गोंधळ उडतो, कारण यामागचा नियम सहज पटणारा नाही. नट सोडवण्याची दिशा आणि गाडी पुढे जाताना चाक फिरण्याची दिशा एकच असली पाहिजे. अर्थात डावीकडे सरळ आटे आणि उजवीकडे उलटे. फिरत्या दांडीवर सैल कडे अडकवले, तर कड्याचा घेर मोठा असल्याने ते दांडीपेक्षा किंचित सावकाश फिरते. इथेही नटाच्या आतला निमुळता भाग तुंब्याच्या निमुळत्या टोकावर बाहेरून बसतो, आणि दोहोंत केसभर जरी फट राहिली तरी गाडीच्या भाराखाली नट प्रत्येक फेऱ्यात जरासा मागे पडतो. आटे योग्य बाजूला असतील तर हे मागे पडणे म्हणजे आवळले जाणे ठरते. हब उलटसुलट झाले की त्याच क्रियेने नट सुटू लागतो, आणि हाताने दिलेला कोणताही ताण त्यापुढे फार काळ टिकत नाही.

बाजू योग्य असूनही चाक सैल होत असेल, तर संशय पहिल्यांदा निमुळत्या पृष्ठभागांवर घ्यावा. नव्याने रंगवलेल्या किंवा पावडर कोटिंग केलेल्या चाकांत तिथे रंगाचा थर राहून जातो, भाराखाली तो चिरडतो आणि तितकी फट पडते. तो थर धातूपर्यंत काढून टाकावा. क्वचित नटाचा आतला भाग हबच्या टोकाला आधीच टेकतो आणि चाक दाबलेच जात नाही. तुंब्याच्या टोकावर शाईचा पातळ हात फिरवून नट आवळावा व पुन्हा काढून पाहावा. नटाच्या आत शाईचे अखंड कडे उमटले नसेल, तर तो नीट बसत नाही असे समजावे. एमजीमध्ये इंचाला 12 आटे आणि 8 आटे असे दोन प्रकार आहेत, हेही नट विकत घेताना विसरू नये.

हबचे दाते चाकाच्या आतल्या ज्या खोबण्यांत गुंततात, त्या खोबण्यांची झीज मात्र सर्वांत गंभीर. गाडी पुढे नेऊन लगेच मागे घेताना चाकातून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि चाक काढल्यावर खोबण्यांत तांबूस भुकटी दिसते. हबचे दाते माथ्याशी सपाट असायला हवेत; ते करवतीसारखे टोकदार झाले असतील, तर हब आणि चाक दोन्ही बदलावीत. झिजलेल्या हबवर नवे चाक चढवले, तर ते नवे चाकही लवकरच खराब होते, हे पैसे वाचवू पाहणाऱ्यांनी कृपया ध्यानात घ्यावे.

चाक बसवताना खोबण्या, आटे व निमुळते भाग पुसून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. पंख असलेल्या नटासाठी तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा वापरावा. अमेरिकेने 1968 पासून पंखांच्या नटांवर बंदी घातल्यानंतर आलेल्या अष्टकोनी नटांना त्यांचा स्वतंत्र पाना लागतो. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.

गॅरेज चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, हब उतरवण्यापूर्वी त्यावर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ अशी खूण करावी. आणि गाडीमालकांनी एकदा आवळलेला नट पुन्हा सरकलेला दिसला, तर कारण सापडेपर्यंत गाडी ठोकळ्यांवरच उभी ठेवावी.

आपला,
एक वाचक