चि. मुक्तास, मुक्काम हेग

रत्नागिरी, जुलै

चि. मुक्ता हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा निरोप आक्काच्या फोनवर मिळाला, सोबत खोलीचा फोटोही आला. त्यात टेबलाखाली एक लहान फ्रिज दिसतो. अशा फ्रिजमध्ये मागच्या बाजूला बर्फ धरतो, म्हणून इन्सुलिनची पेनं दाराच्या कप्प्यात ठेव. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी उपयोगाचे राहत नाही. हे तुला सांगायला नको, याची मला कल्पना आहे. या पत्रात साखरेचा विषय काढायचा नाही असे ठरवूनच मी लिहायला बसलो आहे, तेव्हा तो इथेच पुरे.

निघण्याच्या आदल्या रात्री आपल्यात जे झाले त्याविषयी मात्र लिहायला हवे. तुझ्या दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे माझ्या फोनवर येत असत, ते तू माझ्यादेखत बंद केलेस, आणि मी आवाज चढवल्यावर शांतपणे म्हणालीस की, बाबा, मी जिथे शिकायला चालले आहे तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालासुद्धा पक्षकाराच्या संमतीशिवाय अधिकार पोहोचत नाही. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. सुचले तोवर तुझी गाडी भोक्याच्या पुढे गेली होती.

जन्मभर मी ज्या कोर्टात बेलिफाची चाकरी केली तिथे प्रतिवादीची संमती कोणी विचारत नसे. समन्स घ्यायला त्याने नकार दिला तर मी ते त्याच्या दाराला डकवून, पंचांच्या सह्या घेऊन, नाझराकडे, म्हणजे आम्हा बेलिफांवरच्या अधिकाऱ्याकडे, अहवाल देत असे आणि दावा पुढे चालत असे. त्यामुळे राज्ये स्वतः कबूल होईपर्यंत थांबणारे न्यायालय ही कल्पनाच मला प्रथम पटली नव्हती. ती पटवून दिलीस ती तूच. 2017 च्या मे महिन्यात पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधवांसाठी भारताने हेगला धाव घेतली, तेव्हा तू दहावीच्या निकालाची वाट पाहत होतीस. आपण तिघे टीव्हीसमोर बसलो होतो. आपल्या नागपूरचे हरीश साळवे एक रुपया मानधनावर उभे राहिले याचे तुझ्या आईला फार कौतुक वाटले होते, पण तू विचारलेस ते वेगळेच होते. तू म्हणालीस, उद्या पाकिस्तानने ऐकले नाही, तर बाबा, तिथला बेलिफ कोण? नोकरीत मला अनेक वकिलांनी अनेक प्रश्न विचारले, पण माझ्या कामाचे मर्म इतक्या नेमकेपणाने कोणी धरलेले मला आठवत नाही. तू कायद्याकडे जाणार हे मला त्या दिवशी कळले, तुला स्वतःला ते पुढे दोन वर्षांनी कळले.

त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे, आणि तू तिथे आहेस म्हणून तुझ्यापाशी मांडतो. 17 जुलै 2019 रोजी निकाल लागला, पंधरा विरुद्ध एक. अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीची भेट मिळालीच पाहिजे, हा 1963 च्या व्हिएन्ना कराराचा नियम पाकिस्तानने मोडला असे न्यायालयाने ठरवले. सुटका मात्र झाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा एवढेच सांगितले गेले. तरीही त्याच वर्षी 2 सप्टेंबरला भारताच्या अधिकाऱ्याला जाधवांची भेट मिळाली, आणि ती मिळवून द्यायला कोणी जप्तीचे वॉरंट घेऊन गेले नव्हते. याच्या उलट निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध आणलेल्या दाव्याचा 1986 चा निकाल पाहा. अमेरिका हरली, आणि अंमलबजावणीसाठी प्रकरण सुरक्षा परिषदेत गेल्यावर तिथे तिनेच नकाराधिकार वापरला. आमच्या भाषेत सांगायचे तर देणेकऱ्याच्याच हातात नाझराचा शिक्का होता.

एवढे असूनही त्या न्यायालयाला पोकळ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि माझे कारण पुस्तकातले नाही. दरखास्तीची, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीची, बहुतेक प्रकरणे मी दारात पोहोचण्यापूर्वीच मिटत असत. हुकूमनामा झाला हे गावाला कळले की माणूस पैसे भरत असे, कारण त्याला त्याच आळीत राहायचे असे आणि त्याच दुकानात उधारी मागायची असे. कुलूप तोडून ताबा देण्याची वेळ क्वचित आली, आणि लोक मात्र कोर्ट म्हटले की तेवढेच आठवतात. राज्यांनाही शेवटी एकमेकांच्या शेजारी राहावे लागते. माझे हे म्हणणे तुझ्या प्राध्यापकांपुढे टिकते का, ते विचारून पाहा. माझे नाव सांगू नकोस. एका निवृत्त बेलिफाचे मत आहे असे सांगितलेस तरी चालेल.

तू दिलेले माहितीपत्रक मी पुन्हा पुन्हा वाचले. 1923 पासून हे उन्हाळी वर्ग चालू आहेत, तीन आठवडे सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा आणि पुढचे तीन आठवडे खाजगी, व्याख्याने इंग्रजी किंवा फ्रेंच, कानाला लावलेल्या यंत्रातून भाषांतर, आणि तीच व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने छापली जातात, हे सगळे मला तोंडपाठ झाले आहे. बाररूमच्या कट्ट्यावर मी ते सांगितले तेव्हा ज्या वकीलसाहेबांच्या हाताखाली तू उमेदवारी केलीस त्यांनी सर्वांसमोर माझा हात हातात घेतला. त्या कट्ट्यावर मला कधी कोणी बसायला सांगितले नव्हते.

वर्गात पुढच्या बाकावर बस. गावाचे नाव कोणी विचारले तर मुंबईजवळ असे सांगून मोकळी होऊ नकोस, रत्नागिरी असेच सांग, कारण हेगशी आपल्या गावाचा संबंध आहे. 8 जुलै 1910 रोजी सावरकर मार्सेयच्या बंदरात बोटीच्या खिडकीतून समुद्रात उतरले, किनाऱ्याला लागले, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. फ्रान्सने त्यांना परत मागितले. प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयापुढे गेले आणि 24 फेब्रुवारी 1911 रोजी पाच लवादांनी निर्णय दिला की, हवाली करण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. तू आता ज्या शांतता प्रासादात जातेस तो तेव्हा बांधून व्हायचा होता; तो 1913 साली उघडला. त्या खटल्यात फ्रान्स बोलला, ब्रिटन बोलला, आणि ज्याच्या आयुष्याचा निकाल लागायचा होता त्याला बोलायला जागाच नव्हती. तोच माणूस पुढे 1924 पासून तेरा वर्षे आपल्या गावात स्थानबद्ध होता. त्यांच्याच प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पतितपावन मंदिरावरून तू रोज शाळेत गेलीस. ते निकालपत्र तिथल्या ग्रंथालयात मागून वाच. फार मोठे नाही, पण तुझ्या विषयाचा सगळा कमकुवतपणा त्यात आहे.

आणि त्याच्या पुढचे पान म्हणून पोर्तुगालचा दावा वाच. 1955 च्या ऑगस्टमध्ये पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार केला तेव्हा अण्णा त्या सत्याग्रहींच्या तुकडीत होते, ही गोष्ट तू लहानपणापासून ऐकली आहेस. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालने भारताला हेगच्या न्यायालयात खेचले, कारण दमणहून दादरा-नगरहवेलीला जायची वाट भारताने अडवली होती. 1960 च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, फौज आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने आपले बंधन मोडलेले नाही. आपल्या बाजूने भारताचे ॲटर्नी जनरल सेटलवाड उभे होते. पन्नास वर्षांपूर्वी ज्या देशाचे तिथे नावही नव्हते, तो आता पक्षकार म्हणून उत्तर देत होता. हे अण्णांना कळले असेल का, असा विचार माझ्या मनात परवापासून येतो आहे. ते कधी याविषयी बोलले नाहीत.

तुझ्या वर्गात सगळ्या देशांची मुले असतील. पाकिस्तानचे कोणी भेटले तर टाळू नकोस, वाद घालायचा असला तर मनसोक्त घाल, पण आधी जेवून घे. वादात रंगलीस की तुला ताटाची शुद्ध राहत नाही, आणि इंजेक्शन घेऊन ताट तसेच राहिले की काय होते ते आपण पाहिले आहे. तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे जेवणही मागे पडणार. सायकल भाड्याने घेणार आहेस असे आक्का सांगत होती. ट्रामने जा असे मी म्हणत नाही, पण श्रमाने साखर उतरते ती तेव्हाच उतरते असे नाही, रात्री झोपेतही उतरते, आणि शेवेनिंगेनच्या समुद्रात पोहायला गेलीस तर दुप्पट. झोपण्यापूर्वी साखर तपास, उशाशी ग्लुकोज ठेव, शेजारच्या खोलीतल्या मुलीला सांगून ठेव. एवढ्या मोठ्या मुलीला बापाने असे पाढे म्हणून दाखवू नयेत. राग मानू नकोस.

पण मी काय पाहिले आहे ते तू पाहिलेले नाहीस, कारण तू झोपेत होतीस. तू आठ वर्षांची होतीस. कपाळ गार घामाने भिजलेले, हाक मारली तर अर्धवट हुंकार, आणि मशीनवर 41 चा आकडा. तुझी आई ग्लुकोजचे पाणी चमच्याने थेंब थेंब गालाच्या आत सोडत होती आणि दुसऱ्या हाताचे बोट तुझ्या गळ्यावर ठेवून घोट उतरतो का ते पाहत होती. मी कंदील धरला होता, कारण लाईट गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने वही घातली. तारीख, वेळ, आकडा, युनिट आणि शेवटी सही. सही कशाला, असे मी विचारले, तर म्हणाली, तुमच्या कोर्टात सहीवाचून कागद चालतो का? ती वही माझ्या खणात आहे. शेवटची पाने माझ्या अक्षरात आहेत.

तेव्हा मी तुझ्यापुढे एक मागणी ठेवतो. भारताने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला आहे तो सरसकट नाही, अपवाद घालून. राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले तंटे त्यातून वगळले आहेत आणि पाकिस्तान राष्ट्रकुलात आहे, म्हणून तर जाधवांसाठी व्हिएन्ना कराराच्या वैकल्पिक प्रोटोकॉलचा, म्हणजे त्या करारावरच्या तंट्यांत न्यायालयाचा अधिकार मानणाऱ्या जोडकराराचा, आधार घ्यावा लागला. हे तूच मला समजावले होतेस. तूही तशीच मर्यादित संमती दे. दिवसाचे आकडे मला नकोत, तू काय खाल्लेस ते मी विचारणार नाही. रात्री साखर 70 च्या खाली गेली तरच माझा फोन वाजावा, एवढीच सोय चालू ठेव. वाजला तर मी तुला फोन करीन, तू उचलून ‘हो’ म्हणालीस की मी ठेवून देईन. ही संमती कधीही काढून घेण्याचा हक्क तुझा आहे, आणि तू काढून घेतलीस तर मी आवाज चढवणार नाही. उत्तर सावकाश दिलेस तरी चालेल, परंतु या आठवड्यात दे.

आक्काचे आशीर्वाद. तिने दिलेले मेतकूट कोणाला वाटून टाकू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. तिथे तातडीच्या मदतीचा क्रमांक 112 आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत मी तुला ईमेलने पुन्हा पाठवली आहे. तिची छापील प्रत पाकिटात ठेव.